प्रीताला विचारून कळव

वेस्ट विंडसर
२४ ऑगस्ट २०२२

प्रिय जागृती,

जय भीम. प्रीताला तुझ्या कॉलेजात सोडून काल संध्याकाळी घरी पोचलो. हेमचंद्र साडेचार तास गाडी चालवत होते, पण त्यांनी एकदाही रेडिओ लावला नाही. घरी आल्यावर गराजमध्ये तिचे चिखलाने भरलेले बूट दिसले. मी ते धुऊन, पुसून, कपाटात ठेवले आणि मग लक्षात आलं की ते तिला दोन वर्षांपासून होतच नाहीत.

या खोक्यात जवसाची चटणी, चिवडा आणि बेसनाचे लाडू आहेत. निम्मे तिचे आहेत, सगळे तू संपवू नकोस. फोनवर तू ‘हो, नाही, बरं’ याच्यापुढे जात नाहीस. त्यामुळे तू ओहायोत शिकत होतीस तेव्हापासूनची ही खोक्यातली चिठ्ठी मी काही बंद करणार नाही.

एक मनातलं सांगते. आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या युनिव्हर्सिटीत तिला बायोलॉजीला प्रवेश मिळाला होता. तो सोडून पोरगी तुझ्या एवढ्याशा कॉलेजात आली. कारण मार्चमध्ये तू आमच्या डायनिंग टेबलावर तुझ्या टीमची फाइल उघडून बसलीस, मुलगी बघायला आल्यासारखी, आणि म्हणालीस, “ताई, चार वर्षं ती माझ्या नजरेसमोर राहील.” फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. आपल्या अख्ख्या खानदानात कामठीच्या मैदानावर पोरांच्यात खेळायला जाणारी तू एकटीच. मी मुलगी पाठवली आहे ती तुझ्या त्या एका वाक्यावर, एवढं लक्षात असू दे.

तुझी
कांचनताई

•

श्रूजबरी
२ ऑक्टोबर २०२२

प्रिय कांचनताई,

जय भीम. खोकं मिळालं. लाडू तिचे तिला दिले. चटणीबद्दल मात्र काही विचारू नकोस.

प्रीता बरी आहे. पहिले पाच सामने ती बाकावर होती. तिने तक्रार केली नाही आणि मी कारण सांगितलं नाही. मैदानावर मी तिची मावशी नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. ती म्हणाली, “येस, कोच.” टीममध्ये पंचवीस मुली आहेत आणि ही माझी भाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिला मी एक मिनिट जास्त खेळवलं तर त्याचं बोलणं तिलाच ऐकावं लागेल. म्हणून तिच्याशी मी इतरांपेक्षा जरा कडकच वागते. तुला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

गेल्या शनिवारी आमच्या मुख्य गोलकीपरचं बोट दुखावलं आणि प्रीताला उतरवलं. सात बॉल आले, तिने सहा अडवले. सामना संपल्यावर ती त्या सातव्याबद्दलच बोलत होती. तेव्हा मला कळलं की ही पोरगी खरी गोलकीपर आहे.

मागे तू विचारलंस, मी या धंद्यात तेरा वर्षं नक्की काय केलं. पहिल्या कॉलेजात दोन वर्षं बिनपगारी असिस्टंट होते. मैदानात सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायचे, जर्सीवर घालायचे बिब धुवायचे, टीमची व्हॅन चालवायची. मग चार कॉलेजं झाली, चार गावं झाली, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली. हेड कोच झाले तेव्हा छत्तिसावं लागलं होतं. अजूनही करार एकेका वर्षाचाच असतो. नोव्हेंबर लागला की आम्ही सगळे कोच फोन वाजला की दचकतो. पण या वर्षी मला बरं वाटतंय, ताई. घरचं कुणीतरी बघतंय, असं वाटतं.

तुझी
जागृती

•

वेस्ट विंडसर
२० नोव्हेंबर २०२२

प्रिय जागृती,

शेवटचा सामना बघायला आलो होतो, पण तुला भेटायला गर्दीत वाट मिळाली नाही. पेनल्टीवर हरलात म्हणून हेमचंद्र हळहळले. मी मात्र वेगळंच बघत होते. प्रीता गोलमध्ये गुडघ्यावर बसली होती आणि तू जाऊन तुझा कोट तिच्या खांद्यावर टाकलास. त्या दिवशी मला झोप चांगली लागली.

शेजारी बसलेल्या एका मुलीचे वडील म्हणाले, इतकी चांगली कोच या छोट्या कॉलेजात फार दिवस टिकणार नाही, हिला मोठे लोक उचलून नेतील. मी त्यांना म्हटलं, ती कुठे जात नाही, ती आमच्या घरची आहे.

थँक्सगिव्हिंगला ये. साखरेचं खाणार नाही वगैरे नखरे घरी ठेवून ये.

कांचनताई

•

श्रूजबरी
२९ जानेवारी २०२३

प्रिय कांचनताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. या वेळी खोकं नाही, नुसतं पत्र.

सिएटलजवळच्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीने मला हेड कोच म्हणून बोलावलं आहे. खरंखुरं स्टेडियम, तीन असिस्टंट, तीन वर्षांचा करार. या फोनची मी तेरा वर्षं वाट पाहिली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं. आमच्याकडे असं दार दुसऱ्यांदा उघडत नाही.

आता ज्याचा तुला राग आहे ते. आमच्यात पद्धत अशी आहे की बातमी बाहेर पडेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, आणि टीमला एकाच वेळी, एकाच खोलीत सांगायचं. गुरुवारी प्रीता माझ्याकडे जेवायला आली होती. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. पुढच्या वर्षी बचावाची रांग कशी लावायची ते ती मला पाण्याचे ग्लास मांडून दाखवत होती. मी ऐकत होते आणि मला माहीत होतं. शुक्रवारी चार वाजता तिला चोवीस जणींबरोबर कळलं. तिला आदल्या दिवशी सांगितलं असतं तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण तिने हात वर करून एकच प्रश्न विचारला, “हू इज रनिंग प्रॅक्टिस ऑन मंडे?”

तिला माझा मेसेज पोचतो, पण ती उत्तर देत नाही. तू तरी दे.

जागृती

•

वेस्ट विंडसर
१२ फेब्रुवारी २०२३

जागृती,

तुला नोकरी मिळाली, अभिनंदन. हे मी मनापासून म्हणते आहे. नागपूरला आपल्या मामींनाही मी तसंच सांगितलं.

पण न्याय-अन्याय मला शिकवू नकोस. त्या चोवीस जणींच्या आयांना तू घरी येऊन शब्द दिला असशील तर त्यांचं त्या बघतील. तू माझ्या टेबलावर बसून जेवलीस आणि माझी मुलगी तुझ्या टेबलावर बसून ग्लास मांडत होती. मैदानावर तू मावशी नव्हतीस हे मी मान्य केलं होतं. पिठलं वाढतानाही तू कोचच होतीस, हे मला माहीत नव्हतं.

ती ठीक आहे म्हणते. मी विचारते तेव्हा ठीकच असते.

कांचन

•

बॉथेल
३० एप्रिल २०२३

प्रिय कांचनताई,

हे पत्र सुक्या चेरीच्या पाकिटाखाली ठेवते आहे, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या कॉलेजची खेळाडू बदलीच्या यादीत स्वतःचं नाव घालत नाही, तोवर मला तिच्याशी किंवा तिच्या घरच्यांशी टीमबद्दल अवाक्षर बोलता येत नाही. इथे त्या यादीला पोर्टल म्हणतात. ईमेल, मेसेज, फोन यातलं काहीही कधीही तपासतात, आणि सापडलं तर नोकरी जाते. खोक्यातली चिठ्ठी कोण तपासणार.

मला कळलं आहे की तिथला नवा कोच स्वतःच्या गोलकीपर आणतो आहे. प्रीताला तिथे खेळायला मिळणार नाही. माझ्याकडे एक जागा आहे आणि ती मी अजून कुणाला दिलेली नाही. भाची म्हणून नाही, ताई. ती चांगली आहे म्हणून. बायोलॉजीही इथे उत्तम आहे, मी चौकशी केली. तिने १५ मेच्या आत यादीत नाव घातलं की त्याच दिवशी मी तिला बोलावू शकते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.

तिचा माझ्यावर राग असेल. तो असू दे, गोलमध्ये उभं राहायला त्याची अडचण नाही. तू एवढंच कर. प्रीताला विचारून कळव. ती जे म्हणेल ते मला मान्य आहे.

तुझी
जागृती

•

वेस्ट विंडसर
१४ मे २०२३

जागृती,

प्रीताला विचारलं. ती नको म्हणते. तिला आहे तिथेच राहायचं आहे, मैत्रिणी आहेत, अभ्यासाची घडी बसली आहे. तिच्यासाठी जागा अडवून ठेवू नकोस.

चेरी मिळाल्या.

कांचन

•

बॉथेल
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय कांचनताई,

अडीच वर्षांत आपल्यात दोनच मेसेज झाले, दोन्ही बुद्ध पौर्णिमेचे. आज लिहिते आहे, कारण हे नागपूरहून तुझ्या कानावर येण्याआधी मी सांगावं असं वाटलं.

माझी नोकरी गेली. सोमवारी सकाळी अ‍ॅथलेटिक डिरेक्टरने बोलावलं. अकरा मिनिटं लागली. करार वाढवणार नाहीत. तीन सीझन, सोळा विजय, एकतीस पराभव, सात बरोबरी. माणूस सभ्य होता. त्याने माझे आभार मानले आणि चावी कधी परत देणार ते विचारलं. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवरून माझा फोटो गेला होता. त्याच्या जागी एक राखाडी चौकोन आहे.

दुपारी टीमला सांगितलं, सगळ्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत. मागच्या रांगेत एक पहिल्या वर्षाची पोरगी रडायला लागली. तिला मीच ओरेगनमधून आणलं होतं, तिच्याही आईसमोर बसून. त्या बाईला मी काय शब्द दिला होता तो मला अक्षरन्‌अक्षर आठवतो, कारण तो सगळ्या आयांना सारखाच देतात. देताना खोटा नसतो, ताई. पण तो पाळणं आमच्या हातात नसतं, हे आम्हाला देतानाही माहीत असतं. ते मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

प्रीता येत्या मे महिन्यात ग्रॅज्युएट होईल. तिच्या कॉलेजच्या टीमच्या यादीत दोन वर्षं तिचं नाव नाही. मी दर ऑगस्टला बघते. विचारायचा धीर झाला नाही. ती कशी आहे?

जागृती

•

वेस्ट विंडसर
७ डिसेंबर २०२५

प्रिय जागृती,

तुझं पत्र वाचून हेमचंद्र म्हणाले, तिला आधी फोन कर. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्याच्याने होणार नाही.

तू गेल्यावरच्या फॉलच्या सीझनमध्ये नव्या कोचने प्रीताला एक मिनिटही खेळवलं नाही. ती प्रत्येक सामन्याला कपडे घालून बाकावर बसायची. पुढच्या ऑगस्टला तिला ईमेल आली की या वर्षी यादीत तुझं नाव नाही. त्यानंतर तिने खोलीबाहेर पडणं सोडलं. जेवण सोडलं. एक सेमिस्टर वाया गेलं. हेमचंद्र तिला आणायला गेले तर ती गाडीत बसेना, म्हणून ते चार दिवस जवळच्या मोटेलमध्ये राहिले आणि रोज संध्याकाळी तिला जेवायला बाहेर नेत होते. आता ती बरी आहे. वाया गेलेलं सगळं तिने गेल्या उन्हाळ्यात भरून काढलं. लायब्ररीत काम करते, मैत्रिणी आहेत. पण टीव्हीवर फुटबॉल लागलं की उठून जाते.

ऑक्टोबरमध्ये तिच्या टीमचा सीनियर डे झाला. शेवटच्या वर्षाच्या मुलींना आईवडील हात धरून मैदानात नेतात, फुलं देतात. बाकीच्या आयांनी फोटो टाकले. मी ते सगळे बघितले, एकेक, मोठे करून. तेव्हापासून मला चैन नाही.

जागृती, मी तिला विचारलंच नव्हतं. तुझं ते चेरीखालचं पत्र मी दोन आठवडे कामावर, लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मग तिच्या वतीने मीच तुला नको म्हणून कळवलं. स्वतःला सांगत होते की आज ही बोलावते आहे, उद्या हिला आणखी मोठं काही मिळेल आणि माझी मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला एकटी पडेल. बघ, तुझी ती नोकरीही गेलीच. पण हे कारण मी मागाहून शोधलं. खरं कारण राग होता. तू माझ्या मुलीला एकदा टाकून गेलीस, तुला ती पुन्हा मिळू द्यायची नव्हती. प्रीताने त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगला ती घरी आली तेव्हा तुझं ते पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. “ओके, आई,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल. ती सगळी भांडी घासून, ओटा पुसून झोपायला गेली.

तुझी माफी मागायला मला लाज वाटते. तिची कशी मागायची ते कळत नाही. तुला काम नाही तोवर इथे येऊन राहा.

तुझी
कांचनताई

•

बॉथेल
२० डिसेंबर २०२५

प्रिय प्रीता,

तुझ्या आईने मला सगळं लिहिलं. तिच्यावर मी रागावले आहे, पण फार वेळ रागावता आलं नाही. कारण दोष तिच्या एकटीचा नाही.

नियम होता, हे खरं. पण तो कोचसाठी होता. भाचीला फोन करून ‘जेवलीस का’ विचारायला मावशीला कुठलाही नियम आड येत नव्हता. मी एक पत्र लिहिलं, ते दुसऱ्याच्या हातात दिलं आणि उत्तर आलं ते खरं मानून मोकळी झाले. मला ते खरं मानायचंच होतं. तुझ्या तोंडून नकार ऐकायची मला भीती वाटत होती. त्या गुरुवारी तू ग्लास मांडत होतीस तेव्हाही हीच भीती होती, तिला मी न्याय असं नाव दिलं. त्या मे महिन्यात आणखी दोन आठवडे ती जागा मी मोकळी ठेवली होती. मग कोलोरॅडोची एक मुलगी घेतली. ती चांगली होती. ती सातव्या बॉलबद्दल कधी बोलली नाही.

या धंद्यात पुन्हा काम मिळेल का माहीत नाही. दोन ठिकाणी असिस्टंट म्हणून विचारलं आहे. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोन मांडायला लागेन, त्याचं काही नाही. पण अर्जात लिहायचं असतं की मी किती खेळाडू घडवले. त्या ओळीपाशी मी थांबते.

तुला एकच विचारायचं आहे, जे तेव्हा मी स्वतः विचारायला हवं होतं. मी बोलावलं असतं तर तू आली असतीस का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

जागृतीमावशी

•

वेस्ट विंडसर
४ जानेवारी २०२६

मावशी,

मला मराठी लिहायला खूप वेळ लागतो. हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी एवढं लिहायला कधी दिलं नव्हतं.

हो. मी आले असते.

मला तुझा राग होता. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी सोमवारच्या प्रॅक्टिसचं विचारलं, कारण दुसरं काही विचारलं असतं तर मी सगळ्यांच्या समोर रडले असते. तुझे मेसेज मी वाचायचे. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण रोज बघायचे की नवीन आला का. मग मेसेज बंद झाले.

मे महिन्यात नव्या कोचने सांगितलं की तीन नवीन गोलकीपर येत आहेत. तुमचा नियम आम्हाला सगळ्यांना माहीत असतो. मला माहीत होतं की तू मला विचारू शकत नाहीस, यादीत नाव मलाच घालायला पाहिजे. मी फॉर्म भरला. सगळा भरला. पण तुला मी हवी आहे की नाही हे माहीत नव्हतं, आणि एकदा नाव घातलं की इथली जागा पण जाते. म्हणून सबमिट करायच्या आधी मी आईला फोन केला. मी तिला विचारलं, मावशीने माझ्याबद्दल काही सांगितलंय का, काहीही. आई म्हणाली, “नाही बेटा, काहीच नाही.” तेव्हा मी फॉर्म डिलीट केला.

तो मदर्स डे होता, म्हणून मला तारीख लक्षात आहे. चौदा मे. तुझ्या पत्रावर तीस एप्रिल लिहिलं आहे.

आईने तुला लिहिलं असेल की मी तिला कधी विचारलं नाही. तिने मला पत्र दिलं आणि मी वाचत होते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला समजलं की तिला तो फोन आठवतो. मला आठवतो की नाही, हे ती बघत होती.

मी काही बोलले नाही. तू इथे राहायला येशील, तेव्हा तूही बोलू नकोस.

प्रीता